जुन्या पीसीतलं अनोळखी कार्ड ओळखा
नागपूरच्या सीताबर्डीहून जुना पीसी आणला, विंडोज टाकलं आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या सुट्या भागांच्या यादीत, एखाद्या कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) न मिळाल्याचं पिवळं उद्गारचिन्ह आलं, तर लगेच कॅबिनेट उघडू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यातली धूळ चिपवर अशी बसते की अक्षरं वाचताच येत नाहीत. त्यापेक्षा लिनक्सच्या लाइव्ह सीडीवरून, म्हणजे थेट सीडीवरूनच चालणाऱ्या लिनक्सवर, मशीन सुरू करा. इन्स्टॉल काही करायचं नाही. फार जुन्या मशीनला ३२-बिट आवृत्तीच लागते.

टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, छोट्या इंग्रजी अक्षरांत एलएसपीसीआय, मग स्पेस, डॅश, एनएन टाइप करा. प्रत्येक चिपची एक ओळ येईल; तिच्या शेवटाकडे चौकटी कंसात कोलनने जोडलेले दोन कोड दिसतील. पहिला कंपनीचा: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक. दुसरा खुद्द चिपचा. १०ईसी:८१३९ दिसलं, तर ते रिअलटेकचं जुनं नेटवर्क कार्ड. ही जोडी कागदावर लिहून घ्या आणि ड्रायव्हर तिच्यावरूनच शोधा, खोक्यावरच्या नावावरून नाही.