सागरी सुरक्षेवर पीएच.डी. करायला कोकणात येताय? मग हे वाचून या

"ताई, विषय मंजूर झालाय. जूनमध्ये रत्नागिरीला येतो आणि महिनाभर बंदरावर मुलाखती घेतो." असा फोन आला की मी आधी विचारते, कॅलेंडर बघितलंत का? 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोटी शाकारलेल्या, त्यांच्यावर ताडपत्र्या, नेपाळी खलाशी गावाला गेलेले. बोटींची ये-जा, टोकन, तपासणी हे ज्याला बघायचंय, त्याने तेव्हा येऊन हात हलवत परत जायचं. मात्र ज्याला तांडेलाशी, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाशी, निवांत बोलायचंय त्याच्यासाठी याच्याइतका चांगला मोसम नाही. एरवी चार वाक्यं बोलून उठणारा माणूस पावसात पडवीत जाळी दुरुस्त करत बसलेला असतो आणि त्यालाही बोलायला कोणीतरी हवंच असतं. म्हणून फील्डवर्कचे दोन भाग करा. एक बंदीच्या काळात, दुसरा दसऱ्यानंतर. मधला गणपती आणि नंतरचा शिमगा हे मोकळेच सोडा. तेव्हा गावात माणसं भरपूर भेटतील, पण तुमच्या प्रश्नावलीसाठी एकही नाही.

मी मूळची बार्शीची. राज्यशास्त्रात संशोधन करायला इथे आले आणि इथलीच झाले, तरी वाडीत अजून मी 'घाटावरच्या बाई'च आहे. आता त्याचं काही वाटत नाही. बाहेरच्याला लोक अगदी मुळापासून समजावून सांगतात. गावच्या मुलाने तेच विचारलं तर "तुला काय माहीत नाय?" म्हणून गप्प करतात.

आधी जागा ठरवा, कारण सगळ्या कोकणाला एकच प्रश्न लागू पडत नाही. किनाऱ्यावर शस्त्रं कशी उतरतात आणि त्यानंतर राज्ययंत्रणा कशी बदलते हा विषय असेल, तर रायगडात श्रीवर्धनकडे जा. 1993 च्या मुंबईतल्या स्फोटांसाठीची शस्त्रं आणि स्फोटकं दिघी आणि शेखाडीला उतरली होती. त्याच किनाऱ्यावर 18 ऑगस्ट 2022 ला हरिहरेश्वरजवळ 'लेडी हान' नावाची रिकामी नौका लागली आणि तिच्यात एके-47 रायफली सापडल्या. मालक परदेशी, नौका जूनमध्ये भर समुद्रात सोडून दिलेली, सध्या तरी घातपाताचा संबंध दिसत नाही, असं त्याच दिवशी विधानसभेत सांगितलं गेलं. तरी तो एक दिवस यंत्रणेची काय धावपळ झाली, यावर एक आख्खं प्रकरण होईल. ऊर्जा आणि परराष्ट्र धोरण असेल तर राजापूर तालुका. जैतापूरला फ्रेंच तंत्रज्ञानाच्या 1650 मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्यांचा प्रस्ताव, आणि नाणारच्या रिफायनरीत सौदी अरामको आणि अबुधाबीची कंपनी भागीदार होणार होती. तिथलं भूसंपादन 2019 मध्ये मागे घेतलं, मग 2023 मध्ये रिफायनरीसाठीच बारसूला पुन्हा माती परीक्षण आणि पुन्हा आंदोलन. मच्छीमारांचे आपसातले संघर्ष बघायचे तर मालवण. पारंपरिक मासेमारी करणारा गाबीत समाज विरुद्ध पर्ससीनवाले (माशांचा अख्खा थवा घेरणारी मोठी जाळी वापरणारे), एलईडी दिव्यांची मासेमारी, आणि वरून कर्नाटकातून येणारे हायस्पीड ट्रॉलर. दिल्लीहून येणारे बरेच जण थेट चीन आणि हिंदी महासागरावर उडी मारतात. इथे सीमेचं भांडण म्हणजे कर्नाटकातल्या मलपी बंदराच्या ट्रॉलरशी असतं. ते आधी समजून घ्या.

कागदावरची रचना सोपी आहे. किनाऱ्यापासून पाच सागरी मैलांपर्यंत सागरी पोलिसांची गस्त, पुढे तटरक्षक दल, आणि 26/11 नंतर 2009 पासून एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे. मासेमारीचं नियमन बारा मैलांपर्यंत राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचं, 1981 च्या कायद्यानुसार. शिवाय सीमाशुल्क आणि बंदरांचं मेरीटाईम बोर्ड. ही सगळी खाती तांडेलाच्या आयुष्यात एका जागी भेटतात, ती म्हणजे जेटीचं तोंड. तिथे प्लास्टिकच्या खुर्चीत सुरक्षा रक्षक बसलेला असतो, मांडीवर रजिस्टर. बोट सुटण्याआधी नाव, नंबर, किती खलाशी, परत कधी येणार, हे लिहून टोकन द्यायचं. तांडेलाकडे दोरीने बांधलेली प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात परवाना, विम्याचा कागद, खलाशांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स. पाण्याने शाई फुटलेली, फोटोतला चेहरा ओळखू न येणारा. 'कुबेर' ही पोरबंदरची मासेमारी बोट पळवून 26/11 चे हल्लेखोर मुंबईत आले, तेव्हापासून प्रत्येक मासेमारी बोट संशयित आणि प्रत्येक मच्छीमार 'किनाऱ्याचे डोळे आणि कान', हे दोन्ही एकाच वेळी. तुमच्या प्रबंधात हा विरोधाभास सिद्धांताच्या प्रकरणात येईल. त्या पिशवीत तो रोज असतो. खलाशी नेपाळचा असेल तर आणखीच, कारण मुळात ही कागदपत्रं भारतीय मच्छीमार डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहेत.

म्हणून मुलाखतीत पहिला तासभर 'सुरक्षा' हा शब्द काढू नका. डिझेल परताव्याचं, म्हणजे डिझेलवरचा जो कर सरकारकडून परत मिळतो त्याचं विचारा. परतावा अडकला का, कशासाठी अडकला, कोणता कागद कमी पडला, यातून बायोमेट्रिक कार्ड, ट्रान्सपॉन्डर (बोट कुठे आहे ते कळवणारं यंत्र), तपासणीला गेलेला अर्धा दिवस, सगळं आपोआप येतं. 'धोका कोणाचा वाटतो?' असं विचारलंत तर टीव्हीवरचं उत्तर मिळेल. गूगलचा नकाशाही नको. खोली दाखवणारा सागरी नकाशा न्या, कारण समुद्रावरची जागा तांडेल वावात, म्हणजे पाण्याच्या खोलीच्या मापात, सांगतो. नकाशा पसरला की शेजारचे दोघं-तिघं येऊन वाकतात आणि आपसात वाद घालायला लागतात. ते वाद रेकॉर्डरवर मिळाले तर महिन्याची मेहनत वाचते. अर्थात विचारून, रेकॉर्डर समोर ठेवून.

दापोलीजवळच्या हर्णै बंदरात मासळीचा लिलाव किनाऱ्यावर वाळूतच होतो, बोटी पाण्यात उभ्या राहतात आणि मासळी बैलगाड्यांतून बाहेर येते. लिलाव चालू असताना मध्ये वही घेऊन उभं राहू नका. धक्का बसेल, वर शिवीही बसेल. उरकल्यावर बायकांशी बोला. हिशेब, बँक, सोसायटी, परवान्याच्या नूतनीकरणाच्या तारखा बऱ्याच घरांत त्याच सांभाळतात. हे संशोधनात क्वचित येतं, कारण मुलाखत 'नाखव्याची', म्हणजे बोटीच्या मालकाची, घ्यायची असं ठरूनच लोक येतात.

आता जरा कडू. तुमचा विषय बाहेरून हेरगिरीसारखा दिसतो, हे मान्य करून चाला. अनोळखी माणूस, बंदराचे फोटो, गस्तीच्या वेळा विचारतोय. सागर रक्षक दलातल्या, म्हणजे पोलिसांना मदत करणाऱ्या गावच्या स्वयंसेवक पोरांनी पोलिसांना फोन केला तर त्यांनी आपलं काम चोख केलं म्हणायचं. आल्या आल्या मार्गदर्शकांचं आणि विभागाचं पत्र घेऊन पोलीस अधीक्षक कार्यालय, जवळचं सागरी पोलीस ठाणं आणि मत्स्यव्यवसायचं सहायक आयुक्त कार्यालय इथे देऊन या, पोचेचा शिक्का घ्या. पत्र मराठीत हवं. इंग्रजी पत्र टेबलावर पडून राहतं. रत्नागिरीच्या रत्नदुर्ग किल्ल्यावर सूर्यास्ताचे फोटो खुशाल काढा, पण खाली बंदराच्या बाजूला तटरक्षक दलाच्या बोटी दिसल्या तर मोबाईल खिशात. रत्नागिरीचा विमानतळही तटरक्षक दलाकडे आहे. ड्रोन घरीच ठेवून या. 1923 चा शासकीय गुपिते कायदा अजून लागू आहे आणि 'संशोधनासाठी' ही त्यात पळवाट नाही. 'सागर कवच' हा किनारी सुरक्षेचा सराव असतो तेव्हा नाकाबंदी असते, पोलिसांचीच माणसं घुसखोर बनून किनाऱ्यावर उतरायचा प्रयत्न करतात. त्या दोन दिवसांत कॅमेरा गळ्यात घालून भाट्याच्या वाळूत फिरायची हौस नको.

माहिती अधिकार वापरा, पण जपून. गृह खात्याकडून कलम 8 चा (कोणती माहिती देणं बंधनकारक नाही ते सांगणाऱ्या) आधार घेऊन नकार येईल, ते गृहीत धरा. मत्स्यव्यवसाय विभागाकडून नोंदणीकृत बोटी, दंडाच्या कारवाया, ट्रान्सपॉन्डर वाटप हे मिळू शकतं आणि तेच जास्त कामाचं असतं. जुन्या संदर्भांसाठी 1880 चं रत्नागिरी गॅझेटिअर आणि रत्नागिरीचं नगर वाचनालय. तिथे दुपारी पंख्याखाली जागा मिळते, आणि मे महिन्यात हा काही लहान मुद्दा नाही.

राहायचं म्हणाल तर शहरात खोली मिळते, फक्त भाडेकरूची पोलीस पडताळणी स्वतः पुढे होऊन करून घ्या. तुमच्या विषयाला ते बरं दिसतं. भिंतीला पाठ लावून पुस्तकं ठेवू नका, जुलैत त्यांना बुरशी येते. लॅपटॉप डब्यात, नोट्सची एक प्रत घाटावर. फेलोशिप मागेपुढे होते, तेव्हा तीन महिन्यांचं भाडं हातात ठेवून या. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या हळू धावतात. मार्गदर्शकांना भेटीची वेळ देताना हे लक्षात ठेवा. गावात जायला वस्तीची एसटी पकडा, म्हणजे रात्र तिथेच काढावी लागते आणि रात्रीच्या गप्पा मिळतात. ज्वारीची भाकरी विसरा. तांदळाच्या भाकरीची सवय होते, मला वेळ लागला. शाकाहारी असाल तर आधीच सांगा, नाहीतर यजमानीणबाईंचा पापलेट वाया जातो आणि ते त्या पुढच्या खेपेलाही विसरत नाहीत.

एक विषय मात्र कोणीच हाती घेत नाही, त्याचं मला नवल वाटतं. इथे घराघरांत कोणी ना कोणी आखातात आहे किंवा जहाजावर. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा त्यावरचं विश्लेषण दिल्लीत लिहिलं जात होतं. इकडे दापोली-गुहागरच्या घरांत त्याच बातमीवर पोराला पुढच्या करारावर सही करू द्यायची की नाही हे ठरत होतं. तांबड्या समुद्राच्या तोंडाची बाब-अल-मंदेब सामुद्रधुनी कुठे आहे हे इथल्या आज्यांना माहीत आहे. आखाताच्या तोंडाची होर्मुझही. कोणाला हा विषय घ्यायचा असेल तर घरं मी दाखवते, ओळख करून देते. अट एकच. प्रबंध सादर करण्याआधी त्या त्या घराबद्दलचा मजकूर मराठीत करून त्यांना वाचून दाखवायचा, आणि त्यांनी काढा म्हटलेलं काढायचं. गावाचं आणि बोटीचं नाव तर आधीच बदला. वीस-पंचवीस बोटींच्या बंदरात 'एक तांडेल, वय 52' एवढं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं कोण ते.