मॉडेल रेल्वेच्या संग्रहाची संगणकावर यादी कशी करावी

एकच वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, मी दोनदा विकत घेतली आहे. रंग तोच, उत्पादक तोच, बाजूवर छापलेला क्रमांकही तोच; पहिली मात्र तळाच्या खोक्यात चार वर्षे पडून होती आणि ती आपल्याकडे आहे याचा मला साफ विसर पडला होता. संग्रह पन्नास-साठ वस्तूंपर्यंत असेतो स्मरणशक्ती पुरते, त्यापुढे ती दगा देते, आणि तेव्हा संगणकावरील नीट यादीला पर्याय राहत नाही. अशी यादी करताना बहुतेक जण आधी सॉफ्टवेअर शोधू लागतात. माझ्या मते ते काम शेवटी करावे. यादीला आपण कोणते प्रश्न विचारणार आहोत, हे आधी ठरवावे. हे मॉडेल माझ्याकडे आहे का, ते कोणत्या खोक्यात आहे, ते कोणत्या पत्त्यावर (डिजिटल नियंत्रणासाठी इंजिनाला दिलेल्या क्रमांकावर) चालते, त्याला काय झाले आहे आणि ते हरवले किंवा जळाले तर भरून काढायला किती खर्च येईल, हे पाच प्रश्न जवळजवळ सर्वांना पडतात. ज्या रकान्यामुळे यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, तो रकाना भरण्याचा कंटाळा लवकरच येतो.

पहिले काम म्हणजे प्रत्येक वस्तूला स्वतःचा नोंद क्रमांक देणे. वस्तुसंग्रहालयांत दाखल होणाऱ्या प्रत्येक वस्तूला असा क्रमांक मिळतो आणि तो पुन्हा दुसऱ्या कोणत्याही वस्तूला दिला जात नाही. तोच नियम येथे पाळावा. या क्रमांकात अर्थ भरण्याचा मोह होतो, म्हणजे डिझेल इंजिनांसाठी एक अक्षर, डब्यांसाठी दुसरे, पुढे स्केल (मूळ गाडीच्या तुलनेत मॉडेलचे प्रमाण), त्यापुढे वर्ष. तो मोह टाळावा, कारण मॉडेल पुन्हा रंगवले जाते, त्याचा सांगाडा बदलला जातो, क्वचित ते दुसऱ्या गटात जाते, आणि मग क्रमांकच खोटे बोलू लागतो. ०००१ पासून सुरू होणारा साधा अनुक्रम पुरेसा आहे. पाच डब्यांचा संच असला तरी प्रत्येक डब्याची ओळ वेगळी करावी आणि संचाचे नाव एका स्वतंत्र रकान्यात लिहावे, कारण चाक एकाच डब्याचे निखळते आणि विकतानाही कधी कधी एकच डबा विकला जातो. क्रमांक खोक्यावर ठळक लिहावा. मॉडेलच्या रंगावर चिकटपट्टी लावू नये, फार तर तळाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात नोंद करावी. मॉडेल आणि खोके यांची ताटातूट झाली, तर हीच नोंद उपयोगी पडते.

रकाने ठरवताना खरी रेल्वे आणि तिचे मॉडेल यांची माहिती वेगळी ठेवावी. रेल्वेचे नाव, इंजिनाचा वर्ग, बाजूवर छापलेला क्रमांक आणि कालखंड ही माहिती मूळ गाडीची असते. उत्पादक, कॅटलॉग क्रमांक, स्केल, गेज (दोन रुळांमधले अंतर), कपलरचा (डबे जोडणाऱ्या कडीचा) प्रकार आणि डीकोडर (इंजिनातील डिजिटल आज्ञा ओळखणारा भाग) ही माहिती मॉडेलची असते. कॅटलॉग क्रमांक आणि गाडीचा क्रमांक एकाच रकान्यात टाकणारे अनेक जण मी पाहिले आहेत आणि ते सगळे नंतर पस्तावतात. स्केल आणि गेज यांचेही तसेच आहे. एचओ हे स्केल १:८७ आणि ब्रिटिश ओओ हे १:७६, पण दोन्ही धावतात १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर. एन स्केल युरोपच्या मुख्य भूमीवर १:१६०, तर ब्रिटनमध्ये १:१४८, आणि दोघांचा रूळ ९ मिलिमीटरचा. त्याच ९ मिलिमीटरच्या रुळावर १:८७ प्रमाणातील अरुंद मापाच्या गाड्याही चालतात. म्हणून कोणती गाडी कोणत्या रुळावर चालेल आणि कोणती कोणाच्या शेजारी शोभेल हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि त्यांना दोन रकाने लागतात.

सुरुवातीला स्प्रेडशीट पुरते. काही शे वस्तूंसाठी त्याहून अधिक काही लागतेच असे नाही. मात्र एक अक्षरही टाइप करण्यापूर्वी क्रमांकांचे सर्व रकाने निवडून त्यांचे स्वरूप ‘टेक्स्ट’ असे करून घ्यावे. हे केले नाही, तर स्प्रेडशीट ०४१५ या कॅटलॉग क्रमांकातील पहिले शून्य गिळून टाकते, ३-१२ असा क्रमांक तारखेत बदलते, आणि युरोपातील गाड्यांवर असणारा बारा अंकी क्रमांक एक्सेलमध्ये घातांकाच्या रूपात दिसू लागतो. असे पत्रक सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराची) फाइल म्हणून जतन केले की एक्सेल पडद्यावर दिसणारे रूपच फाइलमध्ये लिहिते आणि उरलेले अंक कायमचे जातात. सीएसव्ही फाइल दोनदा क्लिक करून उघडल्यासही हाच घोळ होऊ शकतो. ती ‘इम्पोर्ट’ करून, रकान्यांचा प्रकार स्वतः निवडूनच उघडावी. ठरावीक शब्दांच्या रकान्यांना, म्हणजे प्रकार, स्केल, कपलर यांना, निवडसूची लावावी. एके ठिकाणी ‘डिझेल’, दुसरीकडे ‘डिझेल इंजिन’ आणि तिसरीकडे ‘डीझेल’ असे लिहिले गेले, की फिल्टर लावल्यावर निम्मी इंजिने नाहीशी होतात.

दुरुस्तीच्या नोंदींसाठी ‘दुरुस्ती १’, ‘दुरुस्ती २’ असे रकाने वाढवत नेऊ नयेत. त्यांच्यासाठी दुसरे पत्रक करावे आणि त्यात तारीख, नोंद क्रमांक आणि केलेले काम एवढेच असावे. एका इंजिनाच्या दहा नोंदी झाल्या तरी मुख्य यादी रुंदावत नाही. पुढे कधी डेटाबेसकडे वळायचे ठरले, तर ही रचना जशीच्या तशी तेथे नेता येते. छंदासाठीच बनवलेले तयार प्रोग्रामही मिळतात आणि त्यांपैकी काहींत छायाचित्रे व कॅटलॉगची माहिती आधीपासून असते. ते वापरण्यास माझी हरकत नाही, पण खरेदीपूर्वी एक गोष्ट तपासावी: संपूर्ण यादी सीएसव्हीसारख्या साध्या स्वरूपात बाहेर काढता येते का? येत नसेल, तर तो प्रोग्राम बंद पडेल त्या दिवशी आपली मेहनतही त्यात अडकून पडेल.

डीसीसीवर, म्हणजे रुळांतून प्रत्येक इंजिनाला वेगळी डिजिटल आज्ञा देणाऱ्या पद्धतीवर, चालणाऱ्या इंजिनांची नोंद थोडी अधिक काळजीने करावी लागते. नव्या डीकोडरचा पत्ता बहुधा ३ असतो. तो न बदलता दोन नवी इंजिने रुळावर ठेवली, तर एकाच आज्ञेने दोन्ही चालू लागतात. सीव्ही म्हणजे डीकोडरमधील मूल्य साठवण्याची क्रमांकित जागा. लहान पत्ता सीव्ही १ मध्ये असतो, मोठा पत्ता सीव्ही १७ आणि १८ मिळून बनतो, आणि त्यांपैकी कोणता वापरायचा हे सीव्ही २९ मधील एक बिट ठरवते. बाजूवरील क्रमांकाचे शेवटचे चार अंक पत्ता म्हणून घेण्याची पद्धत सोयीची आहे, परंतु १२७०३ आणि २२७०३ ही दोन्ही इंजिने संग्रहात असली तर पत्ता २७०३ दोनदा येतो. यादीतील पत्त्याच्या रकान्याला पुनरावृत्ती रंगाने दाखवणारी अट लावून ठेवली, तर हा गोंधळ इंजिन रुळावर येण्याआधीच दिसतो. अनेक डीकोडरांत सीव्ही ८ मध्ये ८ हे मूल्य लिहिले की सर्व मूल्ये कारखान्यातून आली तशी होतात आणि पत्ता पुन्हा ३ होतो. जुना पत्ता काय होता, हे तेव्हा यादीच सांगते.

सीव्हींची सर्व मूल्ये मात्र यादीत उतरवू नयेत. जेएमआरआय या मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील डीकोडरप्रो हा भाग प्रत्येक इंजिनाची मूल्ये वाचून आपल्या रोस्टरमध्ये (इंजिनांच्या यादीत) एक्सएमएल फाइलच्या रूपात साठवतो, आणि ते काम तो आपल्यापेक्षा कितीतरी अचूक करतो. त्या रोस्टरलाच यादी मानण्याची चूक करू नये, कारण डीकोडर नसलेली इंजिने, इमारती, सुटे रूळ आणि तोडून ठेवलेले सांगाडे तेथे येत नाहीत. रोस्टरमधील टिप्पणीच्या जागी आपला नोंद क्रमांक लिहिला की दोन्हींचा सांधा जुळतो.

माझ्या यादीतील एक ओळ वाचली तर ती अशी आहे: नोंद ०१४७, डिझेल इंजिन, १:८७, १६.५ मिलिमीटर, बाजूवरील क्रमांक १२७०३, पत्ता २७०३, खोके ‘ग ४’, मागील डावी पायरी तुटलेली, तुकडा खोक्यातील कागदी पाकिटात. शेवटचा तपशील क्षुल्लक वाटेल, पण तो नसता तर ते पाकीट मी कधीच कचऱ्यात टाकले असते.

वाघिणींसाठी लांबी आणि वजन असे दोन रकाने जरूर ठेवावेत. एनएमआरए या मॉडेल रेल्वेच्या अमेरिकी संघटनेच्या शिफारशीनुसार एचओ डब्याचे वजन एक औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस असावे. सेंटिमीटरमध्ये मांडल्यास लांबीला ५.५८ ने गुणून त्यात २८.३५ मिळवावेत, १५ सेंटिमीटरच्या वाघिणीचे वजन त्यानुसार सुमारे ११२ ग्रॅम येते. हे सूत्र एकदा बसवले की वळणावर रुळांवरून उतरणाऱ्या हलक्या वाघिणी यादीतच ओळखू येतात.

छायाचित्रे पत्रकाच्या चौकटींत चिकटवू नयेत, त्यामुळे फाइल जड होते. ती वेगळ्या फोल्डरमध्ये नोंद क्रमांकाच्याच नावाने ठेवावीत. दिलेली किंमत आणि आज तीच वस्तू पुन्हा घ्यायची झाल्यास लागणारी किंमत यांचे रकाने वेगळे असावेत, आणि दुसऱ्या किमतीपुढे ती केव्हा पाहिली त्याची तारीख असावी.

नोंदी सुरू करताना सगळी कपाटे एकदम उघडू नयेत. आधी एकाच खोक्यातील दहा वस्तू पूर्ण नोंदवाव्यात, मग थांबून रकाने पुन्हा तपासावेत. तीनशे नोंदींनंतर एखादा रकाना वाढवायचा झाला, तर तीनशे खोकी पुन्हा उघडावी लागतात. फाइलच्या नावात तारीख घालून तिच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्यांपैकी एक घराबाहेर, आणि वर्षातून एकदा त्या बाहेरच्या प्रतीतून यादी खरोखर उघडते का ते पाहावे. वस्तू विकली किंवा कोणाला दिली, तरी तिची ओळ पुसू नये. स्थितीच्या रकान्यात ‘विकली’ असे लिहून तारीख घालावी. दुसऱ्यांदा घेतलेली ती वाघीण मी पुढे एका मित्राला दिली. तिची ओळ आजही तशीच आहे, आणि खोक्याच्या रकान्यात रेघ आहे.