कॅलिफोर्नियात यूआयएम घेताना: आकडा नीट बघा

यूआयएम म्हणजे गाडीच्या विम्यातलं असं कव्हर, की ठोकणाऱ्याचा विमा नसला किंवा कमी पडला तर आपल्या दुखापतीचे पैसे आपलीच कंपनी देते. ‘यूआयएम कशाला, उगाच हप्ता वाढतो,’ असं सांगणारा एक तरी जण दर गेट-टुगेदरला भेटतो. त्याला श्रीखंड वाढा आणि घरी येऊन आपल्या पॉलिसीचं डिक्लरेशन पेज, म्हणजे कव्हर आणि त्यांच्या मर्यादांची यादी असलेलं पान, उघडा.

‘अनइन्शुअर्ड/अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट – बॉडिली इंजुरी’ ही ओळ शोधा. नसेलच, तर पॉलिसी घेताना भराभर टिकमार्क करत गेलात त्यात कुठेतरी नकाराचीही सही झाली असणार. लेखी नकाराशिवाय कंपनीला हे कव्हर वगळता येत नाही.

आता आकडा. मी इथेच आपटलो. 2021 मध्ये सिग्नलला उभं असताना मागून एकाने ठोकलं. बायकोच्या मानेला मार लागला, बिलं चाळीस हजार डॉलरांच्या वर गेली. ठोकणाऱ्याचा विमा तेव्हाच्या कायद्यातला किमान, माणशी 15,000. आमचा यूआयएमही 15,000. मी मनात बेरीज केली, 30,000. एजंट म्हणाला, ‘‘तुमच्या यूआयएममधून शून्य.’’ कॅलिफोर्नियात यूआयएमची बेरीज होत नाही, वजाबाकी होते. समोरच्याच्या विम्यातून मिळालेली रक्कम तुमच्या यूआयएमच्या मर्यादेतून वजा करायची, उरलं तर तुमचं. 15 वजा 15. त्याच्याकडे विमाच नसता, तर निदान आमचे 15,000 तरी मिळाले असते!

1 जानेवारी 2025 पासून किमान मर्यादा माणशी 30,000 आणि अपघातामागे 60,000 झाली. गणित तेच. 30/60 वाल्याने ठोकलं आणि तुमचाही यूआयएम 30/60 असेल, तर हाती भोपळा. 100/300 असेल तर माणशी आणखी 70,000 पर्यंत मिळू शकतात. माझ्या मते 100/300 च्या खाली जाऊच नये. भारतातून आलेले आई-बाबा मागच्या सीटवर बसणार असतील, तर 250/500 बघा. त्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्सवर फार भिस्त ठेवू नका.

आधी लायबिलिटी, म्हणजे आपल्या चुकीने दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारं कव्हर, वाढवा. त्यापेक्षा जास्त यूआयएम कंपन्या सहसा देत नाहीत. हप्ता टोचत असेल तर कोलिजनचं (आपल्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर) डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, 500 चं 1,000 करा. गाडीचा पत्रा यूआयएममध्ये येत नाहीच, तो समोरच्याच्या विम्यातून, नाहीतर आपल्या कोलिजनमधून.

क्लेमची वेळ आली तर एक सापळा आहे. समोरची कंपनी गोड बोलून म्हणते, ‘‘28,000 घ्या, चेक आजच काढतो.’’ त्याची मर्यादा 30,000 असेल तर सही करू नका. ती पुरती संपल्याशिवाय तुमचा यूआयएम उघडतच नाही. दोन हजार सोडायला जाल आणि 70,000 वर पाणी पडेल. पूर्ण मर्यादा मिळाल्याचा कागद आपल्या कंपनीला द्या, मग पुढचं बोला.

बदल केल्यावर नवं डिक्लरेशन पेज मागवा आणि तीच ओळ पुन्हा वाचा. आमच्या एजंटने लायबिलिटी 100/300 केली होती, यूआयएम मात्र 15/30 च ठेवला होता.