सेकंडहँड गाडी ओढत नाही? पार्ट बदलायच्या आधी हे तपासा

सेकंडहँड गाडीची एक गोची असते, ती नवी असताना कशी पळायची हे आपल्याला माहीतच नसतं. त्यामुळे पिकअप खरंच गेलाय की मुळातच एवढा होता ते कळत नाही. जमलं तर त्याच मॉडेलची, त्याच इंजिनची दुसरी गाडी एकदा चालवून बघा. छोट्या इंजिनाला पाच माणसं, डिकीत सामान आणि एसी चालू असताना चढावर दम लागणारच, त्याला बिघाड म्हणत नाहीत.

फरक आहे हे नक्की झालं की आधी एकच ठरवायचं, इंजिनच कमी पडतंय की इंजिन बरोबर आहे पण ताकद चाकापर्यंत पोचत नाहीये. हे न बघता लोक प्लग, पंप, इंजेक्टर बदलत सुटतात आणि शेवटी निघते क्लच प्लेट. मॅन्युअल गाडी असेल तर मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरला कमी स्पीडमध्ये एकदम ॲक्सिलरेटर दाबा, आरपीएम झपकन वर गेला आणि स्पीड तिथंच राहिला तर क्लच स्लिप होतोय. ब्रेक चिकटलाय का तेही बघा: ब्रेक शक्य तितका कमी वापरून थोडं लांब जाऊन या आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या (रिमला लावू नका, भाजेल), एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला कॅलिपर नाहीतर हँडब्रेकची केबल अडकलीय. आणि हसू नका, पण ॲक्सिलरेटरच्या खाली जाड मॅट सरकून पेडल पूर्ण दाबलंच जात नाही हेही होतं.

आता इंजिन. बॉनेट उघडून एअर फिल्टर काढा, उजेडासमोर धरा, आरपार काहीच दिसत नसेल तर बदला. टर्बो गाडी असेल तर टर्बोपासून इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा रेडिएटर) आणि तिथून इंजिनापर्यंतचे सगळे होस हाताने चाचपा, क्लिपजवळ तेलकट ओलसरपणा आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर फुस्स आवाज म्हणजे तिथून हवा गळतेय. डिझेलमध्ये यासोबत बऱ्याचदा काळा धूरही येतो. डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला याचं बिल आधीच्या मालकाकडे नसेल तर तो बदलूनच टाका, वाद नको.

यानंतर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा. चेक इंजिन लाईट बंद आहे म्हणजे सगळं ठीक असं समजू नका, विकायच्या आधी कोड डिलीट केलेले असू शकतात. स्कॅनरमध्ये रेडीनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या कोणत्या तपासण्या पूर्ण केल्यात ते) बघा, बरेचसे अपूर्ण दाखवत असतील तर मेमरी नुकतीच पुसलीय नाहीतर बॅटरी काढली होती. आठवडाभर चालवा, मग पुन्हा वाचा. गाडी एका ठराविक आरपीएमच्या वर जायलाच तयार नसेल तर बहुतेक लिंप मोडमध्ये (इंजिन वाचवायला कॉम्प्युटर ताकद कमी करतो ती अवस्था) गेलीय, तेव्हा कोड सापडतोच.

कोड आला की तेवढ्यावर पार्ट मागवू नका. पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरला मिसिंग (इंधन नीट पेटत नाही), कॉइल (प्लगला ठिणगी पुरवणारी) खराब असं त्यात कुठंच लिहिलेलं नाही. दोन नंबरची कॉइल एक नंबरला लावा, एकची दोनला, कोड पुसून चालवा. आता पी०३०१ आला तर कॉइलच गेलीय, पी०३०२ च राहिला तर प्लगची अदलाबदल करून तेच करा, मग इंजेक्टरकडे वळा. पी०२९९ आला तर टर्बोचं प्रेशर कमी आहे, पण नवीन टर्बोआधी वर सांगितलेले होस आणि व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या नीट बघा, टर्बो महाग आणि नळी स्वस्त.

पेट्रोल गाडीत स्कॅनरच्या लाईव्ह डेटामधला फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त-कमी पेट्रोल देतोय तो आकडा) मला सगळ्यात उपयोगी वाटतो. शॉर्ट (त्या क्षणाचा) आणि लाँग (बऱ्याच काळाचा) दोन्ही मिळून बेरीज साधारण अधिक १० टक्क्यांच्या वर असेल तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्तीचं पेट्रोल ओततोय, म्हणजे मिक्स्चर पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) पडतंय. आयडलला हा आकडा जास्त आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल तर कुठंतरी हवा आत ओढली जातेय. उलट लोड वाढेल तसा वाढत असेल तर फ्युएल प्रेशर कमी पडतंय, फिल्टर चोक आहे, नाहीतर एअर फ्लो सेन्सर मळलाय. सेन्सर त्याच्याच स्प्रेने धुवा, तार बोटाने पुसू नका.

गाडी खालून बरी उठते पण आरपीएम वाढला की गळा दाबल्यासारखी होते, असं असेल तर सायलेन्सरकडची बाजू बघा. पेट्रोलमध्ये कॅटलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा), डिझेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोक झालेला असू शकतो. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथं प्रेशर गेज लावला आणि २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या वर गेला तर एक्झॉस्ट अडलाय. पण कन्व्हर्टर बहुतेक वेळा दुसऱ्या कशामुळे तरी मरतो, मिसिंगमुळे न जळलेलं पेट्रोल आत जाऊन तो वितळतो नाहीतर इंजिन ऑइल पीत असतं. आधी ते थांबवा, नाहीतर नवाही तसाच जाईल.

एवढं करूनही काही सापडलं नाही तर कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजणं) करून घ्या. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच कमी दाखवत असेल तर त्यात थोडं इंजिन ऑइल टाकून परत मोजा, आकडा वाढला तर पिस्टन रिंग झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. आणि सगळेच सिलिंडर सारखेच कमी असतील तर टायमिंग बेल्ट किंवा चेन दात सोडून बसलीय का ते बघायला सांगा.