युरॉलॉजिस्ट शोधताय? बडोदेकरांनो, या चुका टाळा

लघवीचा त्रास सुरू झाला की आपल्याकडे माणूस आधी मेडिकलवाल्याला विचारतो, मग शेजाऱ्यांना, मग व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकतो आणि जे पहिलं नाव येईल तिथे जाऊन बसतो. नाव सुचवणाऱ्याला मुतखडा होता की प्रोस्टेट, हे कोणी विचारतच नाही, आणि घोळ तिथूनच चालू होतो, कारण एखाद्या डॉक्टरचा हात खड्यात बसलेला असतो तर दुसरा कॅन्सरची ऑपरेशनं जास्त करतो. तेव्हा नाव विचारताना त्रास काय आहे तेही सांगा, लाजू नका.

दुसरी चूक पाटी न वाचण्याची. "किडनी हॉस्पिटल" लिहिलंय म्हणून आत शिरलात आणि समोर नेफ्रॉलॉजिस्ट निघाले तर? ते फिजिशियन, औषधं-डायलिसिस बघणारे, डिग्री डीएम. युरॉलॉजिस्ट म्हणजे लघवीच्या मार्गाचा आणि प्रोस्टेटचा सर्जन, एमएस जनरल सर्जरी झाल्यावर पुढे ३ वर्षं एमसीएच किंवा डीएनबी युरॉलॉजी केलेला. नुसतं एमएस आणि खाली मोठ्या अक्षरात "पथरी स्पेशालिस्ट" असेल तर सरळ विचारा की युरॉलॉजीची डिग्री कुठली. रजिस्ट्रेशन नॅशनल मेडिकल कमिशनच्या साइटवर तपासता येतं. गुगलचे स्टार मी फारसे धरत नाही, निम्मे लोक पार्किंग आणि रिसेप्शनवरच लिहितात. आणि हो, हे फक्त पुरुषांचे डॉक्टर नाहीत, खोकताना लघवी होणं, सारखं इन्फेक्शन होणं ही बायकांची दुखणीही हेच बघतात.

पहिल्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नका. जुनी सोनोग्राफी, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), लघवीचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पानं, खास करून रक्त पातळ करणारी गोळी. लघवीत इन्फेक्शन असताना पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) वाढलेला दिसू शकतो, त्यामुळे आकडा बघून घरीच घाबरू नका. प्रोस्टेटवाल्यांची लघवीची धार मोजणारी युरोफ्लो नावाची टेस्ट असते, तिला लघवी भरलेली लागते. रावपुऱ्यातले एक काका नंबर यायच्या पाच मिनिटं आधी बाथरूमला जाऊन आले, मग बसले बिचारे बाटलीवर बाटली पाणी पीत, आणि काकू शेजारी, "सांगितलं होतं ना तुम्हाला!"

ऑपरेशन सांगितलं की "कधी?" हा प्रश्न नंतर, आधी "का?" विचारा. ४-५ मिलिमीटरचा खडा बरेचदा आपोआप पडतो, तरी उद्याच लेझर करू म्हणाले तर कारण कळलं पाहिजे, आणि कारण असूही शकतं, म्हणजे किडनीला सूज वगैरे. दुसरं मत घेतलं तर डॉक्टरांना राग येईल ही भीती फालतू आहे. नडियाद आपल्यापासून ट्रेनने तासाभरावर, तिथलं मुळजीभाई पटेल हॉस्पिटल १९७८ पासून किडनी-युरॉलॉजीचंच काम करतंय.

सगळ्यात जास्त घोळ स्टेंटचा होतो. दुर्बिणीने खडा काढला की बरेचदा किडनीपासून मूत्राशयापर्यंत एक बारीक नळी ठेवतात, तिला डीजे स्टेंट म्हणतात. ती काही आठवड्यांनी काढायची असते, पण दुखणं थांबलं की माणूस विसरतो, मधे लग्नसराई येते, महिने जातात, नळीवरच खडे साचतात आणि मग ती काढायला वेगळं ऑपरेशन लागू शकतं. डिस्चार्जच्या वेळी काढायची तारीख कागदावर लिहून घ्या, घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा, आणि काढण्याचा खर्च पॅकेजात आहे की वेगळा हे आधीच विचारा. घरात ७० च्या वरचं कोणी असेल तर आयुष्मान कार्ड तिथे चालतं का तेही.

डॉक्टर निवडत बसण्याला एक अपवाद आहे. खड्याचं दुखणं आणि सोबत थंडी वाजून ताप, किंवा लघवी पूर्ण बंद, असं झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, रात्र असली तरी जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, नाहीतर सरकारी सयाजी हॉस्पिटल आहेच.