विमानातील इलेक्ट्रॉनिक्स कक्षाच्या शीतकरणाचे सिम्युलेशन कसे करावे

सुरुवात त्रिमितीय जाळीपासून (गणनेसाठी कक्षाचे लहान लहान भागांत केलेले विभाजन) करू नये. आधी प्रत्येक उपकरण किती वॅट उष्णता बाहेर टाकते याचा तक्ता करून हाताने ढोबळ तापमान काढावे, कारण पुढच्या गुंतागुंतीच्या गणनेतील चूक याच आकड्यांमुळे पकडता येते.

त्यानंतर सीमाअटी, म्हणजे कक्षाच्या कडांवरील तापमान, हवेचा प्रवाह यांसारख्या अटी, ठरवाव्यात, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. प्रमाणित वातावरणात (गणनेसाठी ठरवलेल्या सरासरी वातावरणात) ११ किलोमीटर उंचीवर हवेचे तापमान उणे ५६.५ अंश सेल्सिअस असते, परंतु ध्वनीच्या ०.८ पट वेगाने उडणाऱ्या विमानाच्या पृष्ठभागालगत ते संपीडन आणि घर्षणामुळे उणे ३० अंशांच्या आसपास पोहोचते. म्हणून बाहेरच्या हवेचे तापमान जसेच्या तसे वापरू नये. त्या उंचीवर घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ३० टक्केच उरते, त्यामुळे हवेचा दाब न राखलेल्या कक्षातील पंखा तेवढेच घनफळ हलवत असला तरी वाहून नेली जाणारी उष्णता बरीच घटते.

उन्हात उभ्या असलेल्या विमानाची स्थिती अनेकदा उड्डाणापेक्षा कठीण ठरते, म्हणून तिची कालसापेक्ष गणना, म्हणजे वेळेनुसार तापमान कसे बदलते याची गणना, अवश्य करावी. जाळी अधिक बारीक केल्यावरही उत्तर टिकते का, आणि कक्षात शिरणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचा हिशेब जुळतो का, हे पाहूनच निकाल प्रत्यक्ष मापनाशी ताडावा.