डोक्यात बसलेलं गाणं निघत नाही? या चुका टाळा

बेळगावात गणपतीची विसर्जन मिरवणूक रात्रभर चालते. सकाळी कपिलेश्वर तलावावरून घरी आलेल्या माणसाच्या डोक्यात बेंजो वाजतच असतो. पूर्ण गाणं नाही, पंधरा-वीस सेकंदांचा एकच तुकडा, पुन्हा पुन्हा. हा आजार नव्हे. जर्मन भाषेत तर याला ‘कानातला किडा’ असं नावच आहे. लय जरा जलद, चढउतार ओळखीचे आणि मध्येच एखादी अनपेक्षित उडी, अशा चाली जास्त चिकटतात, असं इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठातल्या संशोधकांना 2016 च्या अभ्यासात दिसलं. चाल चिकटणं आपल्या हातात नाही, पण ती घालवताना होणाऱ्या चुकांनी मुक्काम वाढतो.

गाण्याशी झटापट करणं. सगळ्यात मोठी चूक हीच. अमेरिकेत 1987 साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल हटेना. विचार गेला का हे बघायचं म्हटलं तरी आधी तोच आठवावा लागतो. म्हणून ‘थांबलं का गाणं?’ हे सारखं तपासू नका. वाजू दे म्हणा आणि कामाला लागा.

अर्धवट गाणं अर्धवटच ठेवणं. सीमाभागात हे फार होतं. बसमध्ये, बाजारात कन्नड गाणं कानावर पडतं. ध्रुवपदाची एक ओळ तोंडात बसते, पुढचे शब्द ठाऊक नसतात. मग मन त्या ओळीच्या टोकाशी येतं, पुढे वाट नाही म्हणून मागे फिरतं आणि चक्र सुरू होतं. यावर उपाय असा: कन्नड येणाऱ्या शेजाऱ्याकडून पुढच्या ओळी आणि अर्थ विचारून घ्या, देवनागरीत लिहून काढा आणि गाणं शेवटच्या सुरापर्यंत एकदा ऐका, सोबत म्हणा. एकदाच. पाच-सहा वेळा लावलं तर उलट होतं, कारण नुकतं आणि वारंवार ऐकलेलं गाणंच सगळ्यात जास्त चिकटतं. काहींना पूर्ण ऐकूनही फरक पडत नाही. त्यांनी हा मार्ग सोडून पुढचा धरावा.

तोंड रिकामं ठेवणं. मनातलं गाणं आपण आतल्या आवाजात म्हणत असतो, आणि त्यासाठी मेंदूची बोलण्याचीच यंत्रणा कामाला लागते. जबडा आणि जीभ दुसऱ्या कामात गुंतली की आतलं गाणं अडखळतं. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात 2015 साली फिलिप बीमन आणि सहकाऱ्यांनी च्युइंगम चघळायला देऊन हे तपासलं; गाण्याची आठवण कमी वेळा आली. बोटांनी ठेका धरण्यापेक्षा चघळणं जास्त उपयोगी ठरलं. च्युइंगम नको असेल तर फुटाणे चावून बघा, तर्क तोच आहे. निपाणी भागात चघळायला तंबाखू सहज हाताशी असते. ती मात्र या कामासाठीही नको, कुठल्याच कामासाठी नको.

फार सोपं किंवा फार अवघड काम घेणं. भांडी घासताना, गाडी चालवताना मन मोकळं असतं, गाणं तिथे घुसतं. डोक्यावरून जाणारं सुडोकू घेतलं तरी मन भरकटतं आणि गाणं परत येतं. मधलं काम हवं, तेही शब्दांचं: रोजच्या पेपरातलं शब्दकोडं, किंवा 300 मधून सात-सात वजा करत मोठ्यानं उलटं मोजणं. पाढे म्हणू नका. ते आपण शाळेत चालीवर घोकलेले, एक चाल काढून दुसरी बसायची. कन्नड अक्षरं जुळवून-जुळवून वाचावी लागत असतील तर खानापूर–बेळगाव बसमध्ये खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत जा. याहून नेमकं मापाचं काम शोधून मिळणार नाही.

शब्द नाहीत म्हणून झोपताना वाद्यसंगीत लावणं. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या 2021 च्या प्रयोगात ओळखीच्या गाण्यांची वाद्यांवरची धून मूळ गाण्यापेक्षा जास्त चिकटली आणि झोपही बिघडली. ओळखीच्या चालीत रिकामी जागा राहिली की ती मन भरू लागतं. बेंजोवरचं गाणं इतकं घुमतं ते बहुधा यामुळेच. झोपेआधी तासभर गाणी बंद ठेवा. तरीही सुरू झालंच तर अंथरुणात लोळत राहू नका. उठून उद्याच्या कामांची यादी पाच मिनिटं कागदावर लिहा.

एक गोष्ट वेगळी ओळखायला हवी. गाणं डोक्यात नसून बाहेरून, शेजारच्या लाउडस्पीकरवरून येतंय असं वाटत असेल, आणि घरात दुसऱ्या कुणाला ऐकू येत नसेल, तर वरचे उपाय करत बसू नका. कमी ऐकू येणाऱ्या वयस्क माणसांत असं होतं. कान-नाक-घसा डॉक्टरांकडून ऐकण्याची तपासणी करून घ्या. श्रवणयंत्र लावल्यावर बऱ्याच जणांचं हे गाणं कमी होतं.